हाफ मून बेची डांगरं आणि आईची टिचकी

आमच्या धुळ्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. नवरा पुण्याचा. त्याच्या घरी डांगर म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेलं तोंडीलावणं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्याला मंडईतून डांगर आणायला सांगितलं, तर हा वाण्याकडून पिठाची पुडी घेऊन आला. त्या दिवसापासून आमच्या घरात 'तुझं डांगर' आणि 'माझं डांगर' असे दोन पक्ष आहेत. पुढे जे सांगते ते सगळं माझ्या डांगराबद्दल आहे.

कॅलिफोर्नियात आमच्या भागात ऑक्टोबर उजाडला की लहान पोरं असलेल्या प्रत्येक घराला हॅलोविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, कोरायचा भोपळा आणायला एकदा तरी हाफ मून बेला जावंच लागतं. पॅसिफिकच्या काठावरचं हे छोटं गाव स्वतःला भोपळ्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. आमच्या सनीवेलहून 280 नंबरचा हायवे धरायचा, मग 92 नंबरचा रस्ता. क्रिस्टल स्प्रिंग्जचा तलाव ओलांडला की घाट चढतो, आणि पलीकडे उतरताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात. एरवी पाऊण तासाचा रस्ता. ऑक्टोबरातल्या शनिवारी याच रस्त्यावर आम्ही दोन तास काढलेत, तेही मागच्या सीटवरून दर चार मिनिटांनी "आला का?" ऐकत. त्यामुळे अनुभवाचा पहिला सल्ला: शनिवार-रविवार जाऊच नका. खास करून ऑक्टोबरच्या मध्यावर गावात भोपळ्याचा उत्सव असतो तेव्हा. तो 1971 पासून भरतो आणि त्या दोन दिवसांत घाटातल्या गाड्या हलत नाहीत, सरपटतात.

पहिल्या वर्षी आम्ही नवखे होतो. रस्त्यालगतच्या एका शेतात शिरलो. गवताच्या गासड्यांचा भुलभुलैया, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून चक्कर, शेळ्यांना चारा, आणि प्रत्येक गोष्टीचं वेगळं तिकीट. भोपळे एका सपाट रानात ओळीने मांडलेले होते. मांडलेलेच म्हणायचे. त्या रानात ना वेल, ना पान. दुसरीकडे तोडून ट्रकने आणलेले भोपळे जमिनीवर पसरले होते आणि आम्ही ते 'स्वतः तोडायला' आलो होतो! लेकाने त्यातला सगळ्यात मोठा, चकचकीत केशरी भोपळा पसंत केला. नवऱ्याने तो ऐटीत देठाला धरून उचलला. चार पावलांवर देठ हातात राहिला आणि भोपळा त्याच्या बुटावर. अंगठ्याचं नख काळं-निळं झालं ते दिवाळीपर्यंत. घरी आणून कोरला तर पाचव्या दिवशी आत कापूस धरावा तशी बुरशी. कोरताना निघालेला गर वाया जाऊ नये म्हणून मी घाऱ्या केल्या, त्या पाणचट लागल्या. गुळाला चव होती, भोपळ्याला नव्हती.

2023 च्या ऑक्टोबरातली गोष्ट वेगळी. त्या वर्षी आई सहा महिने आमच्याकडे होती, आणि नवरात्राचे उपास तिने इथेही सोडले नव्हते. "उपासाला डांगराची भाजी करू, चांगलं डांगर कुठं मिळतं इथं?" असं तिने विचारलं आणि मी म्हटलं चल, तुला डांगरांची राजधानीच दाखवते.

यावेळी शुक्रवारी दुपारी गेलो, लेकाला शाळेतून परस्पर उचलून. घाट उतरताच धुकं. सनीवेलला अर्ध्या बाह्यांत फिरत होतो आणि इथे आईने पदर कानांवरून घेतला. मी वाटेत तिला आदल्या आठवड्याची बातमी सांगितली. इथे दर ऑक्टोबरात एका सोमवारी राक्षसी भोपळ्यांचं वजन होतं. त्या वर्षी ट्रॅव्हिस गिंगर नावाच्या मिनेसोटातल्या बागकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने थेट तिकडून ट्रकवर लादून आणलेला भोपळा भरला 2,749 पौंड, म्हणजे 1,247 किलो. जागतिक विक्रम. (2025 मध्ये इंग्लंडच्या दोन जुळ्या भावांनी 2,819 पौंडांचा पिकवून तो मोडला.) आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि खाल्लं कोणी ते?"

कोणीच नाही. ते खायचं वाणच नव्हे. एका वेलाला एकच फळ ठेवून, बाकीची खुडून, उन्हाळाभर त्याला पाणी पाजून फुगवायचं. "मग तो पैलवान झाला, डांगर नाही," असा निकाल देऊन तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

यावेळी गाडी गावाच्या थोडी पुढे, आतल्या बाजूच्या एका शेतावर नेली. भुलभुलैया नाही, शेळ्या नाहीत, एक पत्र्याची शेड आणि हातगाड्या. इथे वेल खरे होते. पानं सुकून तपकिरी, काड्या पायात कुरकुरत होत्या, आणि मधूनमधून केशरी पाठी डोकावत होत्या. लेक धावत सुटला. आई बांधावर उभी राहून आधी नुसती बघत राहिली. मग खाली बसली आणि पहिल्या भोपळ्यावर वाकडं बोट करून टिचकी मारली. टक्क. दुसऱ्यावर. टक्क. तिसऱ्यावर.

"वाजतंय सगळं," ती म्हणाली, "पण नुसतं वाजतंय. आत गर कुठाय?"

बरोबरच होतं. हे कोरायचे भोपळे. त्यांची जातच अशी की भिंत पातळ, आत पोकळी मोठी, म्हणजे सुरी सहज फिरावी आणि मेणबत्ती मावावी. हॅलोविनच्या दृष्टीने गुण, स्वयंपाकाच्या दृष्टीने अवगुण. लेकासाठी असा एक घ्यायचाच होता, आणि तो कसा निवडायचा हे तरी यावेळी आम्हाला कळत होतं. बूड सपाट, ओट्यावर ठेवला तर कलंडू नये. साल सगळीकडे सारखी रंगलेली. जमिनीला टेकलेल्या बाजूचा पिवळट डाग चालतो, पण अंगठ्याने दाबल्यावर कुठे मऊ लागलं तर तो तसाच सोडायचा, कारण सड तिथूनच सुरू होते. सालीवर नख दाबून बघायचं, रुतलं तर कच्चा. देठ तीन-चार बोटं ठेवून कापायचा आणि त्याला धरून कधीच उचलायचं नाही, हे नवऱ्याने मी न सांगताच लेकाला सांगितलं. दोन्ही हात खाली घालून, बाळ उचलतात तसं. लेकाने एकाला कात्री लावली, 22 पौंडांचा, आणि हातगाडीत ठेवताना स्वतःच त्यावर जवळजवळ झोपला.

पण आईचं काही जमेना. ती ओळीमागून ओळ टिचक्या मारत चालली होती. शेवटी हातगाड्या लावणारे एक मेक्सिकन गृहस्थ तिच्याकडे बघून हसले. साठीच्या आसपासचे, डोक्यावर गवती टोपी. त्यांना इंग्रजी बेताचं, आईला त्याहून बेताचं. तिने हातानेच विचारलं. आधी खायची खूण, मग केशरी भोपळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. ते "आह, कलाबासा!" म्हणाले आणि आम्हाला शेडमागे घेऊन गेले.

तिथे लाकडी फळ्यांवर वेगळीच मंडळी होती. राखाडी-निळे भोपळे, लालभडक चपटे भोपळे, आणि एका कोपऱ्यात मातकट, खोल फाका पडलेले, सालीवर धुरकट पांढरी लव असलेले. काहींवर अजून गडद हिरवे पट्टे होते. आई तिथेच थांबली. "हे बघ," ती म्हणाली. बाकी काही नाही. पाटीवर 'फेअरीटेल' लिहिलं होतं, मूळचं वाण फ्रान्सचं. पण डोळे मिटून हात फिरवला असता तर मला ते आमच्या आजोळच्या माळ्यावर उताणं पडलेलं डांगरच वाटलं असतं.

त्या गृहस्थांनी देठाला बोट लावून दाखवलं. हा भाग मी घरी येऊन पडताळला आणि तेव्हापासून दुकानातही मी आधी देठच बघते. कोरायच्या केशरी भोपळ्याचा देठ कडक, खाचाखाचांचा असतो, पण फळाला टेकतो तिथे फारसा पसरत नाही. त्या राक्षसी भोपळ्यांच्या कुळाचा देठ जाड, गोल आणि बुचासारखा. आणि आपल्या लाल भोपळ्याच्या जातीचा देठ पाच धारांचा, टणक, फळाला मिळतो तिथे कोंबडीच्या पायासारखा फाकलेला. तीन वेगळ्या जाती, आणि इंग्रजीत तिघांना एकच नाव. गंमत म्हणजे इथल्या दुकानांत 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थासाठी डब्यात मिळतो तो गरसुद्धा बहुतेक या तिसऱ्या जातीचा असतो, डब्यावर चित्र मात्र केशरी भोपळ्याचं.

आणि मुळात भोपळा अमेरिका खंडाचाच. मेक्सिकोतल्या ओआहाकाजवळच्या एका गुहेत सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, साबुदाण्याचा कंद तिकडचा. आईचं उपासाचं ताट तिच्यापेक्षा आधी ग्रीन कार्डवाल्यांचं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. नवमीपर्यंत उगाच कशाला?

त्या गृहस्थांनी मग हातवारे आणि थोड्या इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाला, भोपळ्याच्या मोठ्या फोडी पिलोन्सियोत दालचिनी घालून शिजवतात. पिलोन्सियो म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मेक्सिकन दुकानात शंकूच्या आकाराच्या तपकिरी ढेपा मिळतात, आमच्याकडचा कोल्हापुरी गूळ संपला की मी त्याच वापरते. "गूळ," मी आईला म्हटलं. तिचे डोळे मोठे झाले. "पितरांना गुळातलं डांगर?" तिने त्या गृहस्थांकडे अशा काही आपुलकीने पाहिलं की आता ती गोत्र विचारते की काय असं मला वाटलं.

तिने निवडलं ते 19 पौंडांचं, हिरवे पट्टे असलेलं. मी म्हटलं, कच्चं दिसतंय. ती म्हणाली, ठेव आठ दिवस उबेला, रंग बदलेल. आणि बदललाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं, हिरवं मावळत मातकट केशरी चढत गेलं. मधल्या दिवसांत उपासाला दुकानातल्याच फोडी आणल्या, तूप-जिरं आणि दाण्याचं कूट घालून.

डांगर कापलं ते दसऱ्यानंतर. आख्ख्या डांगरावर बाईने पहिली सुरी घालायची नाही, हा आईचा नियम. तेव्हा नवऱ्याला बोलावलं. घरात विळी नाही, त्यामुळे विळ्या-भोपळ्याचं सख्य जुळायची वेळच आली नाही. पाव कापायची सुरी रुतली ती रुतलीच. शेवटी पाठीवर लाटण्याने ठोकून ठोकून फाक उघडली. आतला रंग हळदीत कुंकू पडावं तसा, गर तीन बोटं जाड. आईने बिया टिपकागदावर पसरल्या, फोडी किसल्या, गुळात शिजवल्या, कणकेबरोबर रवा मुठभर. "घाऱ्या," ती म्हणाली. "घारगे," नवरा म्हणाला. तेराव्या घारग्यानंतर त्याने वाद सोडला.

लेकाचा केशरी भोपळा मी 29 तारखेपर्यंत कोरू दिला नाही, आदल्या वर्षीची बुरशी आठवून. त्याने तिरके डोळे, तीन दात कोरले आणि दाराबाहेर ठेवला. 31 च्या सकाळी बघतो तर खारींनी कुरतडून एक डोळा गालापर्यंत आणला होता. मी दुसऱ्या बाजूने फिरवून ठेवायला गेले तर लेक ओरडला, "नको, आत्ताच तर तो खरा भुतासारखा दिसतोय!"