कॉम्प्रेशन उत्तम, तरी ऑइल गायब

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) चांगलं आलं म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) चांगल्या, असा निकाल आमच्या धंद्यात सर्रास दिला जातो. तो निकाल खोटा ठरवणारी एक गाडी माझ्याकडे आली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, पिकअपला ठणठणीत. तक्रार एवढीच की वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. हा दिवा बहुतेक गाड्यांत पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो. पातळी इतकी उतरली होती की वळताना पंप ऑइलऐवजी हवा ओढत होता. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर टोकालासुद्धा ऑइल नव्हतं. दुसऱ्या एका गॅरेजात व्हॉल्व्ह सील बदलून झाले होते, फरक काहीच पडला नव्हता.

"आता इंजिनच बदला म्हणतात. खरं काय ते सांगा, दादा," मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई, आधी मोजू. मोजल्याशिवाय मी काही खोलणार नाही."

ऑइल आणि फिल्टर बदलून पातळी वरच्या खुणेवर आणली, किलोमीटर लिहून ठेवले. मधे पातळी बघत राहायला सांगितलं आणि टॉप-अपसाठी मोजून भरलेली बाटली सोबत दिली. परत आल्यावर गाडी त्याच सपाट जागी उभी केली, इंजिन बंद करून तेवढाच वेळ थांबलो आणि पुन्हा पाहिलं. 1000 किलोमीटरला साधारण 850 मिली. काही कंपन्या याहून जास्त खपसुद्धा 'मर्यादेत' धरतात. मला ते पटत नाही. डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपासचं असतं. या वेगाने ते सगळं संपतं.

बाहेर गळती कुठेच नव्हती. टॅपेट कव्हर, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), फिल्टरची बैठक, क्रँकचं मागचं सील, सगळं कोरडं. कूलंटमध्ये तवंग नाही. सायलेन्सरमधून निळा धूरही नाही. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं मात्र समजू नये. थोडंथोडं जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) बऱ्यापैकी झाकून टाकतो, आणि त्या ऑइलमधला फॉस्फरस हळूहळू त्याच कन्व्हर्टरला निकामी करतो.

मग आयडलवर ऑइल भरायचं झाकण उचलून पाहिलं. आतून एवढी जोरदार ओढ होती की झाकण सहज निघेना. थ्रॉटल बॉडीच्या मागे बोट फिरवलं तर ऑइल. पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधल्या वाफा बेताने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, सोडणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला होता आणि ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये ओढली जात होती. तो बदलून पुन्हा मोजमाप घेतलं. खप 600 मिलीवर आला. म्हणजे चोर दोन होते.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखं आणि भरपूर. प्लग काढले, तर दोन प्लगांवर राखाडी, खरखरीत थर. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत सोडला. त्याच दोन पिस्टनांच्या माथ्यावर मध्ये काळा कार्बन आणि कडेला गोल पट्टा अगदी धुतल्यासारखा स्वच्छ. रिंगांच्या बाजूने ऑइल वर चढतंय आणि कडा धूत राहतंय, याची ही खूण. मला खात्री पटली ती इथे.

कॉम्प्रेशन तरीही चांगलं का, याचं उत्तर रिंगांच्या कामात आहे. गॅस अडवायचं काम मुख्यतः वरच्या दोन रिंगांचं, बोअरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) जादा ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम तिसरीचं, म्हणजे ऑइल रिंगचं. तिसरी आखडली तरी वरच्या दोघी गॅस धरून ठेवतात. उलट बोअरला चिकटलेलं जादा ऑइलच फट बुजवतं आणि मीटरचा काटा आणखी चांगला दिसतो.

हे ताईंना समजावलं, त्यांनी होकार दिला आणि हेड व चेंबर उतरवून पिस्टन बाहेर काढले. ऑइल रिंग तीन भागांची असते: दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंगसारखा एक्स्पांडर. इथे तिन्ही भाग कार्बनने खाचेत पक्के बसले होते. नखाने दाबले तर हलेनात. खाचेतून ऑइल परत जाण्यासाठी पिस्टनला बारीक भोकं असतात, ती बाकीच्या पिस्टनांतही अर्धीअधिक बुजलेली. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालायची. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद व्हायचं, आणि किलोमीटर भरत नाहीत म्हणून ऑइल वर्षानुवर्षं तेच.

बोअर मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मोजले. झीज मर्यादेत होती, होनिंगच्या (बोअर घासून खरखरीत करताना पडलेल्या) तिरक्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. इंजिन बदलायची काहीच गरज नव्हती. पिस्टन क्लीनरमध्ये भिजत घातले, भोकं बारीक ड्रिल बिट हाताने फिरवत एकेक मोकळी केली. या कामाला मशीन लावू नये, भोक मोठं होतं. हलकं होनिंग केलं, बोअर साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच ऑइल लावलं. नव्या रिंगांचा गॅप फीलर गेजने तपासला, खुणेची बाजू वर ठेवली आणि रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवून बसवली.

रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल गेलं, ते जायचंच. त्यानंतरच्या 1000 किलोमीटरला पातळी वरच्या खुणेपासून जेमतेम केसभर खाली होती. ताईंना सांगितलं आहे की ऑइल आता किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदलायचं. आणि अधूनमधून गाडी लांब फिरवून इंजिन नीट तापू द्यायचं.