काळ्या टाकीवरची आग

आज म्हापशाच्या गॅरेजमध्ये एका बुलेटच्या टाकीवर ज्वाळा चढवल्या. लोकांना वाटतं, लाल-पिवळा रंग मारला की आग झाली. तसं नसतं हो! काळ्या बेसवर आधी एअरब्रशने, म्हणजे रंगाची बारीक फवारणी करणाऱ्या छोट्या गनने, फिकट पिवळ्या ज्वाळा काढायच्या, काही मोकळ्या हाताने, काही स्टेन्सिलच्या वळणावर. मग त्यावर कँडी ऑरेंज, कँडी लाल. कँडी रंग पारदर्शक असतो. खालचा थर त्यातून दिसत राहतो आणि प्रत्येक हाताबरोबर गडद होत जातो. वर पुन्हा नव्या ज्वाळा, पुन्हा कँडी. आधीच्या ज्वाळा अशा आत आत सरकतात की बोट घालून बघावंसं वाटतं. मला या कामात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

हवा दमट होती, म्हणून रंग पातळ करायला सावकाश उडणारा थिनर घेतला. झटपट उडणाऱ्याने पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार सांभाळावं लागतं.

गाडीवाला म्हणाला, "दादा, अजून थोडं लाल करूया." मी नाही म्हटलं. अजून एक हात दिला असता तर पिवळा मेलाच असता. उद्या ऊन पडलं तर क्लिअर, म्हणजे वरचा बिनरंगी थर, मारतो.