९७, ऑर्चर्ड स्ट्रीट : बावीस बिऱ्हाडांची इमारत

न्यूयॉर्कला आईला घेऊन गेले तेव्हा एक दिवस मुद्दाम टेनमेंट म्युझियमसाठी राखून ठेवला होता. लोअर ईस्ट साइडमधली ही १८६३ सालची भाड्याच्या खोल्यांची इमारत. बाहेरच्या उन्हातून आत शिरलो आणि क्षणभर काहीच दिसेना, इतका बोळ अंधारा.

बिऱ्हाडं बावीस. प्रत्येकाला तीन खोल्या, पण सगळ्या मिळून जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. खिडकी फक्त पुढच्या खोलीला. मधे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली, दोन्ही काळोखी. पुढे कायद्याने उजेडाची सक्ती केली तेव्हा आतल्या भिंतींना खिडक्या पाडल्या. एका खोलीतून दुसरीत उघडणारी अशी खिडकी तिथे गेलात की नक्की बघा.

आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली. चुलीपाशी उभं राहून तिने पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठून आणायच्या?” सुरुवातीला मागच्या अंगणातून, बादल्या उचलून जिने चढत. संडासही तिथेच. १९०५ मध्ये मजल्यावर आले, ते चार बिऱ्हाडांत दोन. “आमच्यासारखंच,” आई म्हणाली आणि कठड्यावर हात ठेवून थोडी थांबली.

मला सगळ्यात भिडलं ते नॅटली गंपर्ट्झचं बिऱ्हाड. जर्मनीकडून आलेली बाई. १८७३ च्या मंदीनंतर, १८७४ मध्ये नवरा एक दिवस घरातून गेला तो परतलाच नाही. तिने शिवणकाम करून मुलं वाढवली. तिच्या खोलीत उभं राहिल्यावर खिडकीपाशी मशीन का ठेवलंय ते सांगावं लागत नाही.

१९३५ मध्ये नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त्या करण्याऐवजी मालकाने भाडेकरूंना बाहेर काढलं. खालची दुकानं चालू राहिली, वरचे मजले बंद पडले. म्हणूनच भिंतींवरचे कागदाचे थर अजून तसेच आहेत. १९८८ मध्ये म्युझियम सुरू झालं. तोवर इथे सुमारे सात हजार माणसं राहून गेली होती.

जाणाऱ्यांसाठी: जुन्या खोल्या फक्त मार्गदर्शकासोबतच बघता येतात, एकट्याने आत फिरता येत नाही. वेगवेगळ्या कुटुंबांच्या वेगवेगळ्या टूर असतात, त्यामुळे कोणाचं घर बघायचं ते आधी ठरवा आणि तिकीट घरूनच काढा. मी पहिल्या वेळी तशीच गेले आणि सगळ्या टूर भरलेल्या असल्याने परत यावं लागलं. तिकीटघर १०३ नंबरला आहे. एफ ट्रेनने डेलन्सी स्ट्रीटला उतरलात की चार पावलांवर. आत जिने चढावे लागतात. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर कोणती टूर सोपी पडेल ते आधी विचारून घ्या. एका दिवसात एकच टूर करा. दुसरीला गेलात तर पहिल्या घरातली माणसं डोक्यात राहत नाहीत.

भूक लागली की ह्यूस्टन स्ट्रीटवरच्या योना शिमेलकडे जा. १९१० पासूनचं दुकान. बटाट्याचा क्निश (सारण भरलेला ज्यू खाद्यपदार्थ) मागा, आईला तो बटाटेवड्याच्या नात्यातला वाटला.