एका माणसाची खुर्ची

महागड्या शहरात एकट्याने गेलं की सगळ्यात आधी अडतं ते बसण्यापाशी. उपाहारगृहातली टेबलं दोघांची, किनाऱ्यावरच्या भाड्याच्या गाद्या जोडीजोडीने मांडलेल्या, आणि हॉटेलच्या खोलीचं भाडं तर दोघांचं द्यायचंच. (पाहुण्यांवरचा कर तेवढा माणशी लागतो, म्हणजे एकट्याला निम्मा. बचत म्हणावी तर एवढीच.) फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहराने मात्र या पेचावरचा उपाय रस्त्याच्या कडेला फुकट मांडून ठेवलाय. एक निळी खुर्ची.

ही खुर्ची असते प्रोमनाद देझांग्लेवर. नावाचा अर्थ इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. मायदेशाच्या थंडीला कंटाळलेले सधन इंग्रज इथे हिवाळा काढायला येत, आणि समुद्राकाठची पहिली पायवाट 1820 च्या दशकात त्यांच्याच पैशांतून झाली. नीस तेव्हा फ्रान्सचं नव्हतंच, ते 1860 मध्ये फ्रान्सला मिळालं. आज ही पायवाट सुमारे 7 किलोमीटरचा रुंद रस्ता आहे, विमानतळापासून जुन्या गावाच्या दिशेने उपसागराला कवेत घेत जाणारा. निळ्या खुर्चीचा आजचा घाट शार्ल तोर्दो यांनी 1950 मध्ये घडवला. एके काळी इथे बसायचं भाडं पडे आणि ते गोळा करायला बायका फिरत. आता कुणी विचारत नाही. फक्त बऱ्याच खुर्च्या एकमेकींना जोडून टाकल्यात, त्यामुळे आपली खुर्ची ओढून सावलीत नेऊ म्हटलं तर शेजारचे आजोबाही सोबत येतील.

खुर्ची धातूची. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तिच्यावर आखूड चड्डी घालून बसणारा माणूस ताबडतोब उठतो. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर बसावं. मागे नेग्रेस्कोचा गुलाबी घुमट. हे हॉटेल 1913 चं. आत राहायचं तर खिशाला भोक, बाहेरून बघायला काही लागत नाही. रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये ठिकठिकाणी पोलादी खुंट दिसतात. 14 जुलै 2016 च्या रात्री या रस्त्यावरच्या गर्दीत ट्रक घुसवला गेला आणि 86 माणसं गेली, त्यानंतरचे ते खुंट.

खुर्चीवरून खाली बघितलं की नवख्याचा पहिला अपेक्षाभंग होतो. वाळूच नाही. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, करडे, गुळगुळीत, मुठीएवढे गोटे. पंचा अंथरून त्यावर आडवं व्हायचं म्हणजे बरगड्या मोजून घ्यायच्या. पातळ गुंडाळी चटई असली तर निभतं, आणि पाण्यात जाताना रबरी तळव्याचे बूट हवेतच. हे बूट घरूनच न्यावेत, किनाऱ्यालगतच्या दुकानात तेच दामदुप्पट पडतात.

बुटांपेक्षा महत्त्वाची गोष्ट बाहेर येण्याची. इथे तळ झपकन खोल जातो, चार पावलांत पाणी छातीला. आत शिरणं सोपं, फजिती होते ती परतताना. लाट मागे हटते तेव्हा गोटेही तिच्याबरोबर उताराने घरंगळतात. भाजलेले शेंगदाणे पोत्यातून ओतावेत तसा खळखळाट होतो. त्याच क्षणी उभं राहायला गेलात तर पायाखालची जमीनच चालू लागते आणि माणूस सपशेल बसतो, तेवढ्यात पुढची लाट डोक्यावर. म्हणून वाट बघायची. लाट किनाऱ्याकडे ढकलू लागली की तिच्यासोबत यायचं, आणि पाणी गुडघ्याखाली गेलं की खुशाल चार पायांवर रांगत वर सरकायचं. नीसची पट्टीची पोहणारी म्हातारी माणसंही असंच करतात, त्यात कमीपणा नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही. जांभळा म्हणजे प्रदूषण किंवा जेलीफिश. डंख झालाच तर तो समुद्राच्या पाण्यानेच धुवावा. गोड्या पाण्याने उरलेले डंख आणखी फुटतात.

आणि सामान? दोघं असले की एक पोहतो, दुसरा राखण करतो. एकट्याने किनाऱ्यावर येतानाच खिसे हलके करावेत. खोलीची किल्ली, एक कार्ड आणि वीस युरोची नोट, हे सगळं गळ्यात अडकवायच्या जलरोधक पिशवीत. पासपोर्ट खोलीवर. पिशवी भरताना तिचं तोंड कोरडं असू द्यावं. पट्टीत वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपतं. इथे वाळू नाही हा एक फायदाच. भाड्याची गादी आणि छत्री घेतली तर शेजार मिळतो, पण पाण्यालगतची पहिली रांग मागच्या रांगेपेक्षा महाग. त्या खासगी तुकड्यांच्या मधेमधे सार्वजनिक किनारा आहे, फुकट, आणि समुद्र दोन्हीकडचा तोच.

खाण्याचं गणित वेगळं. जुन्या गावात सोक्का मिळतो. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, बस्स. पिठाच्या साधारण दुप्पट पाणी घेऊन भिजवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कल्हईच्या भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतायचं आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सारायचं. वर करपट ठिपके, कडा कुरकुरीत, आत मऊ. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा सासरी गेलेला भाऊ समजा. (भाऊ सासरी कसा, हे विचारू नका.) वर मिरपूड घालून बोटांनी खातात आणि गरम असतानाच खातात. निवला की चामडं. भट्टीतून नवी परात निघेपर्यंत रांगेत थांबावं लागतं. काउंटरवर गार तुकडे रचलेले दिसले तर पुढे चालू पडावं.

बसून जेवायचं तर दारात आधी ‘बोंजूर’, मग एक बोट वर. प्यायला ‘कराफ दो’ मागावं. ते नळाचं पाणी जेवणासोबत फुकट असतं. नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येते, बिलासकट. मुख्य अडचण वेळेची. बऱ्याच ठिकाणचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते थेट संध्याकाळी सातला उघडतं. तीन वाजता भूक लागली तर पाँ बान्या घ्यावा. ट्यूना आणि अँचोव्ही हे मासे, अंडं, टोमॅटो आणि तेल मुरलेला गोल पाव. हा खुर्चीवर बसून खाता येतो, मात्र तेल कोपरापर्यंत ओघळतं.

शेजारचा चिमुकला देश मोनॅको रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर. जाताना उजव्या खिडकीशी बसावं, समुद्र त्या बाजूला. वाटेतल्या विलफ्रांशला जाडसर का होईना, वाळू आहे. मोनॅकोतल्या कॅसिनोसमोर इतरांच्या मोटारी बघून अर्ध्या दिवसात परतलं तरी चालतं. त्या कॅसिनोत खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना जुगार खेळायला मनाई आहे, यातच सगळं आलं. मे-जूनकडे तिथली मोटारशर्यत आणि कान्मधला चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा साऱ्या पट्ट्यात खोल्यांचे भाव चढतात. तारखा बघूनच तिकीट काढावं.

नीसमधल्या शातो टेकडीवर जायला लिफ्ट आहे, तीही फुकट. शातो म्हणजे किल्ला, पण वर किल्ला शोधू नये. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने तो 1706 मध्ये पाडून टाकला. उरलाय उपसागराचा देखावा आणि रोज दुपारी बाराचा बार. एका ब्रिटिश गृहस्थाच्या बायकोला बाहेर गप्पांत जेवणाची आठवण राहत नसे म्हणून त्याने तोफ सुरू करवली, असं सांगतात. आता तोफेऐवजी दारूकामाचा बार उडतो, पण आवाज शहरभर जातो. नवखे दचकतात, कबुतरं उडतात. एकट्या माणसाने नेमकं तेव्हाच खुर्चीवरून उठावं. साडेबारानंतर दोघांच्या टेबलावर एकट्याला बसवताना वाढपी कुरकुरतो. बाराला टेबलं रिकामी असतात, आणि खिडकीजवळचंही मिळतं.