तुम्ही विचारलंत म्हणून: धुक्यात फोटो येतात तरी कसे?

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न येतोच. हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, कोकणकड्यावर नुसतं पांढरं, काही दिसलंच नाही, जे फोटो काढले तेही राखाडी आले, मग तुम्हाला कसे मिळतात? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

आधी राखाडीचं सांगतो, ते सोपं आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर झाड आहे का धुकं हे कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो आणि समोरचं सगळं मध्यम राखाडीच असणार असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवतो. त्यामुळे काळा ओला कातळ असला की तो उजळतो आणि पांढरं धुकं असलं की ते मळकं करतो. धुकं धुक्यासारखं दिसायला हवं असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन साधारण प्लस एकवर न्या, मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा, उजवीकडे सरकलेला पण भिंतीला आपटलेला नको. मोबाईल असेल तर बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. आणि शक्य असेल तर रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा.

आता "काहीच दिसत नाही" याचं. धुक्यात लांबचं दिसणार नाही हे एकदा मान्य केलं की जवळचं दिसायला लागतं, मी खरंच सांगतो. कारवीचं एक झुडूप पाच फुटांवर, त्याच्या मागे मंदिराचा अर्धवट कळस, त्याच्या मागे काहीच नाही. जवळचं गडद, मागचं फिकं, त्याच्या मागचं आणखी फिकं, धुक्यातली खोली एवढ्यावरच उभी राहते, म्हणून समोर काहीतरी काळं असल्याशिवाय मी बटण दाबतच नाही. ऑटोफोकस अशा वेळी पुढेमागे घुटमळत बसतो, त्याला झुडपाची कडा दाखवायची किंवा सरळ मॅन्युअलवर जायचं. पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, लावला तर ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग वर येतो, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), आधीच अंधार असताना ते परवडतंय का बघा.

कड्यावर आणखी एक गोष्ट, तिथे पाणी खालून येतं. कोकणातून वर चढणारा वारा थेंब उचलून तोंडावर मारतो, नाणेघाटात धबधबा उलटा उडतो तोच प्रकार, त्यामुळे लेन्स हूडचा फारसा उपयोग नाही. मी दोन सुती पंचे कोरडे ठेवतो आणि दर फोटोनंतर काच पुसतो, कंटाळा न करता.

पण खरं तर तुम्ही सगळे विचारता ते इंद्रवज्राबद्दल, गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये माणसाची सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर ते पाहून त्याचं वर्णन केलं, दख्खनच्या हवामानावरचा त्याचा तो निबंध १८३५ साली लंडनमध्ये छापला गेला. म्हणजे आपल्याआधीही लोक त्याच कड्यावर उभे राहून खाली बघत होते, मला हे दरवेळी आठवतं.

ते कधी दिसतं याचं गणित साधं आहे. सूर्य पाठीमागे, धुकं समोर आणि आपल्या खाली, आणि आपण स्वतः उन्हात. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून हे सकाळीच जमतं, संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि मग सूर्यास्ताचे फोटो काढा, तो वेगळा विषय. सूर्य क्षितिजाच्या जितका वर तितकीच आपली सावली क्षितिजाच्या खाली पडते. सूर्य तीस अंश वर आला तर सावली तीस अंश खाली, आणि साध्या उतारावर तिथे धुकं नसतं, जमीनच येते. कोकणकडा मात्र पायाखालून तुटलाय, उलट आत वळलाय, म्हणून साडेआठ वाजतासुद्धा तिथे सावलीला पडायला धुकं मिळतं. पाऊस ओसरत आला की, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सकाळी मी जातो, कारण ऊन आणि धुकं दोन्ही एकाच वेळी लागतं.

पहिल्यांदा मिळालं तेव्हा माझं चुकलं, ते सांगतो म्हणजे तुमचं चुकणार नाही. पहाटे पाचपासून धुक्यात बसलो होतो, कॅमेरा प्लस एकवर होता, आठच्या सुमारास वारा फिरला, धुकं कड्याच्या खाली बसलं आणि पाठीवर ऊन आलं. समोर कडं. आत निळसर, बाहेर लाल. जेमतेम दोन मिनिटं टिकलं असेल आणि मी तेवढ्यात तीसेक फोटो काढले, सगळे प्लस एकवरच! त्या गोल कड्याचे रंग मुळात इतके फिके असतात की थोडा उजेड जास्त झाला की पुसलेच जातात, नंतर रॉमधून थोडंफार परत आलं, बाकी गेलं. म्हणजे ज्या नियमाने सकाळभर मला वाचवलं त्यानेच ऐनवेळी घात केला. तेव्हापासून पाठीवर ऊन जाणवलं की आधी अंगठा डायलवर जातो, शून्य किंवा किंचित मायनस, आणि मग डोळा व्ह्यूफाइंडरला. वाइड लेन्सने कोकणकड्याची अख्खी कमान येते पण इंद्रवज्र त्यात बारीक दिसतं, मला पन्नास मिलिमीटरची लेन्स आवडते. आणि हे सगळं पालथं पडून, पाय कुणीतरी धरलेले असताना, ओल्या कातळावर उभं राहून अजिबात नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चौघं शेजारी उभे राहिले तर सावल्या चार दिसू शकतात पण कडं प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, आणि फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. गेल्या वर्षी गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावचा एक मुलगा बरोबर होता, लहानपणापासून त्याने हे कितीतरी वेळा पाहिलेलं. म्हणाला, दादा, इथे येणारे सगळे आपापला फोटो घेऊन जातात, माझा एकपण नाही. मी त्याचा काढायला गेलो आणि लक्षात आलं की मी कितीही काढला तरी कडं माझ्याच सावलीला मिळणार. म्हणून डायल शून्यावर केला, कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला आणि मागे सरकून त्याचे पाय धरून बसलो.

दहा-बारा फोटो काढले त्याने. त्यातला एक मोठा करून मी पाचनईला पोचवला, आता तो त्यांच्या ओसरीवर लावलाय.