आय-१०वरून लुइझियाना: गाळाचा मुलूख

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गाडीनं जाणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. साडेपाचशे किलोमीटर, साडेपाच-सहा तासांचा रस्ता. बहुतेक जण सकाळी निघतात, मध्ये पेट्रोल भरतात, संध्याकाळी फ्रेंच क्वार्टरमध्ये पोहोचतात आणि दोन दिवसांनी परततात. लुइझियाना बघायचं राहूनच जातं, कारण हे राज्य त्या शहरात नाही, वाटेत आहे. आय-१० हा महामार्ग ज्या जमिनीवरून जातो तिचा बराचसा भाग मिसिसिपी नदीनं गेल्या काही हजार वर्षांत गाळ टाकून तयार केला आहे. इथली शेती, घरं, खाणं, जमिनीच्या वाटण्या, पुराचं राजकारण, सगळं त्या गाळावर उभं आहे. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे, रस्त्याच्या क्रमानंच जाऊ.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा, नाहीतर वाटेतल्या पाट्या कळत नाहीत. १६८२ मध्ये फ्रेंच शोधप्रवासी ला साल यानं नदीच्या मुखाशी उभं राहून सगळं खोरं फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नावे केलं. १७६२ मध्ये फ्रान्सनं ते गुपचूप स्पेनला दिलं, १८०० मध्ये परत घेतलं आणि १८०३ मध्ये नेपोलियननं दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकलं. त्या सौद्यातल्या प्रचंड मुलखाचा तळाचा तुकडा १८१२ मध्ये अठरावं राज्य झाला. फ्रेंच-स्पॅनिश वळण मात्र टिकलं. इथे जिल्ह्याला काउंटी म्हणत नाहीत, पॅरिश म्हणतात. अशा ६४ पॅरिश आहेत. दिवाणी कायदाही इंग्लिश परंपरेतला नाही, युरोपीय संहितेच्या वळणाचा आहे. दुसऱ्या राज्यातून इथे घर घेणाऱ्यानं वारसाहक्क आणि नवराबायकोच्या मालमत्तेचे नियम स्थानिक वकिलाकडूनच समजून घ्यावेत.

लेक चार्ल्स मागे पडलं की जेनिंग्ज, क्राउली या गावांच्या आसपास सपाट, पाणी साचलेली शेतं दिसू लागतात. वरच्या थराखाली घट्ट चिकणमाती असल्यानं इथे पाणी जिरत नाही. १८८०च्या दशकात रेल्वे आल्यावर मध्य-पश्चिमेतले गहू पिकवणारे शेतकरी इथे आले आणि त्यांनी आपली यंत्रं भाताला लावली. आज त्याच खाचरात भातामागून क्रॉफिश निघतं. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटभर शेवंड.

ही जोडशेती नीट समजून घेण्यासारखी आहे. मार्च-एप्रिलमध्ये भात पेरतात. रोप वीतभर वाढून खाचरात पाणी स्थिरावलं की जूनच्या सुमारास एकरी ५० ते ६० पौंड जिवंत क्रॉफिश सोडतात. कापणीसाठी पाणी काढलं की ती बांधात आणि जमिनीत बिळं करून आत जातात आणि माद्या तिथेच अंडी घालतात. कापलेल्या भाताला फुटवे येतात. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाणी सोडलं की पिल्लं बाहेर येतात. कुजणाऱ्या धसकटांवर सूक्ष्मजीव आणि किडे वाढतात, त्यांवर क्रॉफिश पोसतं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत तारेच्या सापळ्यांनी पकड चालते; खरा भर मार्च-एप्रिलमध्ये असतो.

फसण्याच्या जागा दोन. सप्टेंबरच्या उष्णतेत घाईनं पाणी सोडलं तर धसकटं झपाट्यानं कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पिल्लं मरतात. दुसरी म्हणजे कोरडा उन्हाळा: जमीन भेगाळते आणि बिळातली क्रॉफिश सुकून जातात. २०२३च्या अवर्षणात हेच झालं आणि २०२४च्या सुरुवातीला भाव कडाडले. तेव्हा उकडलेलं क्रॉफिश खायचं असेल तर मार्चच्या मध्यानंतर जा. जानेवारीत ते महाग आणि बारीक मिळतं, ऑगस्टमध्ये ताजं जवळजवळ नसतंच.

पुढे लाफायेत. हा केजन लोकांचा भाग. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून १७५५ पासून इंग्रजांनी हाकललेले फ्रेंच भाषक अकेडियन, म्हणजे केजनांचे पूर्वज, १७६४-६५ च्या सुमारास इथे येऊ लागले. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० जण आले. त्यांना जमिनी दिल्या त्या स्पेननं. १९२१च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झालेल्या मुलांच्या पिढीनं मोठं झाल्यावर आपल्या पोरांशी ती भाषा बोलणंच सोडलं. १९६८ मध्ये सरकारनं फ्रेंचसाठी मंडळ काढलं, तोवर फार उशीर झाला होता. केजन आणि क्रिओल हे शब्द सरमिसळ वापरू नका. क्रिओल म्हणजे वसाहतीच्या काळात इथेच रुजलेली माणसं, आणि त्यांत मिश्र आणि आफ्रिकी वंशाचे खूप जण येतात. झायडेको हे ॲकॉर्डियन आणि पत्र्याच्या घासणीवरचं संगीत काळ्या क्रिओल लोकांचं आहे.

गंबोबद्दल थोडं सविस्तर, कारण घरी करताना तो हमखास बिघडतो. हा भाताबरोबर खायचा दाट रस्सा. त्यात भेंडी आफ्रिकेची, सासाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, म्हणजे फिले, इथल्या चोक्टॉ आदिवासींची आणि मैदा तेलात परतण्याची रीत फ्रेंचांची. सहा-आठ माणसांसाठी एक कप तेल आणि एक कप मैदा जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम-मंद आचेवर घ्या आणि सपाट उलथन्यानं सतत ढवळत राहा. यालाच रू म्हणतात. तो आधी पांढरट, मग शेंगदाण्याच्या रंगाचा आणि ३० ते ४५ मिनिटांत चॉकलेटी होतो. काळे ठिपके दिसले तर रू जळला. तो फेकून पुन्हा सुरुवात करा, कडवटपणा मसाल्यानं झाकला जात नाही. रंग आला की लगेच दोन कप कांदा, एक कप सेलरी आणि एक कप ढोबळी मिरची बारीक चिरून घाला. भाज्यांतल्या पाण्यानं रूचं तापमान उतरतं आणि रंग तिथेच थांबतो, म्हणून त्या आधीच चिरून हाताशी हव्यात. मग लसूण, आणि कोंबडी उकडून काढलेलं दोन लिटर कोमट पाणी थोडं थोडं करून. थंडगार पाणी एकदम ओतलं तर रू फुटतो आणि अंगावर उडतो. वेगळे परतून घेतलेले धुरी दिलेल्या सॉसेजचे काप आणि कोंबडी घालून तासभर मंद उकळा.

रू जितका काळा तितकी चव खोल, पण दाटपणा कमी, कारण फार भाजल्यावर मैद्यातलं स्टार्च तुटतं. पातळ राहिला म्हणून घाबरून आणखी मैदा घालू नका. दाटपणा भेंडीनं किंवा फिलेनं येतो. भेंडी आधी तेलात कोरडी होईपर्यंत परतली तर तार सुटत नाही. फिले मात्र आच बंद केल्यावर किंवा थेट ताटात. उकळत्या रश्शात गेली की धागे धरते. केजन गंबोत टोमॅटो नसतो, न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल गंबोत असू शकतो.

लाफायेतनंतर रस्ता वर उचलला जातो आणि जवळजवळ २९ किलोमीटर पुलावरूनच जातो. खाली अचाफलाया खोरं: सायप्रसची झाडं, काळं पाणी, बगळे. याच खोऱ्यात राज्याचा सगळ्यात मोठा प्रश्न दडलेला आहे.

मिसिसिपी दर हजार-दीड हजार वर्षांनी आपलं मुख बदलते. गाळ साचून वाट लांबत गेली की ती समुद्राकडे जाणारी जवळची, जास्त उताराची वाट शोधते. सध्याच्या पात्रानं समुद्र सुमारे ३०० मैल, अचाफलायानं सुमारे १४० मैल. १८३१ मध्ये कॅप्टन हेन्री श्रीव्हनं बोटींच्या सोयीसाठी नदीचं एक वळण कापलं. पुढे अचाफलायाच्या तोंडाशी शतकानुशतकं अडकलेले ओंडके लोकांनी काढले आणि ही वाट रुंदावत गेली. १९५०च्या दशकात दिसू लागलं की काही केलं नाही तर मुख्य नदीच इकडे वळेल. म्हणून १९६३ मध्ये बॅटन रूजच्या वायव्येला ओल्ड रिव्हरचं नियंत्रण बांधकाम उभं राहिलं. मिसिसिपी आणि रेड नदीचं मिळून जे पाणी होईल त्याचे ३० टक्के अचाफलायाला आणि ७० टक्के मुख्य पात्राला, असा वाटा ठरला. १९७३च्या पुरात त्या बांधकामाची एक बाजूची भिंत कोसळली आणि पायाखाली मोठी पोकळी झाली. ते वाचलं, पण १९८६ मध्ये शेजारी साहाय्यक बांधकाम करावं लागलं. नदी खरंच वळली तर बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्सपर्यंतचे तेल-रसायनांचे कारखाने आणि लाखो लोकांचं पिण्याचं पाणी अडचणीत येईल. खालच्या टप्प्यात पात्राचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे प्रवाह मंदावला की खारं पाणी तळाकडून वर सरकतं. २०२३च्या शरद ऋतूत ते अडवायला लष्करी अभियंत्यांना पात्रात पाण्याखाली गाळाचा बांध घालावा लागला होता.

बॅटन रूजमध्ये ३४ मजल्यांचं विधानभवन आहे, ४५० फूट उंच. ते गव्हर्नर ह्यूई लाँगनं बांधून घेतलं आणि १९३५ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही तिथेच.

इथून पुढे वेळ असेल तर महामार्ग सोडून नदीकाठचा रिव्हर रोड घ्या. नैसर्गिक रचना इथे डोळ्यांना दिसते. पूर आला की जड वाळू काठाशीच बसते आणि बारीक चिखल लांब जातो, म्हणून सगळ्यात उंच जमीन नदीलगत असते आणि मागे उतरत दलदलीत जाते. फ्रेंचांनी जमीन त्यानुसारच मोजली. एक आर्पां म्हणजे सुमारे १९२ फूट. नदीकडे दोन-चार आर्पां रुंद आणि मागे चाळीस आर्पां लांब अशा पट्ट्या. प्रत्येकाला धक्का, सुपीक जमीन आणि मागचं लाकूड मिळे. त्या पट्ट्यांवर ऊस आला आणि उसाबरोबर गुलामगिरीचं सगळ्यात क्रूर रूप. ऊस कापल्यावर लगेच गाळावा लागतो, म्हणून ऑक्टोबरपासून नव्या वर्षापर्यंत माणसं रात्रंदिवस राबवली जात. ८ जानेवारी १८११ रोजी चार्ल्स देलोंद याच्या नेतृत्वाखाली इथल्या शेकडो गुलामांनी न्यू ऑर्लिन्सकडे कूच केलं. अमेरिकेतल्या गुलामांचा हा सगळ्यात मोठा उठाव मानतात. रिव्हर रोडवर ओकच्या झाडांच्या रांगा आणि खांबांचे वाडे दाखवणारी ठिकाणं अनेक आहेत. एकच बघायचं असेल तर वॉलेस गावाजवळचं व्हिटनी बघा. २०१४ पासून तिथे मालकांचा डामडौल नाही, राबणाऱ्यांचं आयुष्य सांगितलं जातं.

नॉर्कोजवळ बॉनेट कॅरेचा सांडवा लागतो. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पाहिलेल्याला तो लगेच कळेल. १९२७च्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचवायचं म्हणून कार्नार्व्हन इथे बांध सुरुंगानं उडवला आणि सेंट बर्नार्ड, प्लेकमिन्स या गरीब पॅरिश बुडवल्या. वर दुसरीकडे बांध फुटल्यानं ते बुडवणं अनावश्यक ठरलं, आणि कबूल केलेली भरपाई बहुतेकांना मिळाली नाही. त्यानंतर १९३१ मध्ये हा सांडवा पूर्ण झाला. ३५० गाळे, प्रत्येकात २० उभी लाकडं, एकूण ७,००० बरगे. न्यू ऑर्लिन्सपाशी विसर्ग साडेबारा लाख क्युसेकवर जाणार असं दिसलं की रुळांवरच्या क्रेन एकेक बरगा उचलून वर आडवा ठेवतात आणि जास्तीत जास्त अडीच लाख क्युसेक पाणी पाँचरट्रेन सरोवरात जातं. बरग्यांच्या फटींतून पाणी झिरपतं तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. २०१९ मध्ये तो एकाच वर्षात दोनदा, मिळून १२३ दिवस उघडावा लागला. एवढ्या गोड्या पाण्यानं किनाऱ्यावरचे कालव मोठ्या प्रमाणात मेले.

आता न्यू ऑर्लिन्स. १७१८ मध्ये बिएनव्हीलनं ते नदीकाठच्या उंचवट्यावर वसवलं. फ्रेंच क्वार्टरमधली घरं बरीचशी स्पॅनिश काळातली आहेत, कारण १७८८ आणि १७९४च्या आगींत जुनं गाव जळालं. १८०९ मध्ये क्युबामार्गे आलेल्या हैतीच्या निर्वासितांनी शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट केली. रविवारी काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांना नाच-वाद्यांची मोकळीक होती. पुढच्या जॅझची एक मोठी मुळी तिथे आहे. १९१०च्या दशकात अभियंता बाल्डविन वूडचे प्रचंड पंप बसले, मागची दलदल कोरडी झाली, लोक तिकडे राहायला गेले. पण तिथली माती कुजक्या पालापाचोळ्याची. पाणी काढलं की ती आकसते आणि खचते. शहराचा साधारण निम्मा भाग समुद्रसपाटीखाली गेला तो असा.

२९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना चक्रीवादळ आलं तेव्हा ८० टक्के शहर बुडालं. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू कालव्यांच्या भिंतींवरून पाणी गेलंच नव्हतं. त्याआधीच त्या सरकल्या, कारण पोलादी पत्रे मऊ मातीत पुरेसे खोल ठोकलेले नव्हते. हा अभियांत्रिकीचा दोष होता, त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणणं चूक आहे. नदीकाठचा जुना उंचवटा मात्र बराचसा कोरडा राहिला. नंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी तटबंदी झाली आणि २०२१च्या आयडा वादळात ती टिकली. तिच्या बाहेरचं लाप्लास बुडालं.

बांधांची खरी किंमत दक्षिणेला दिसते. नदी बांधल्यामुळे गाळ पाणथळ जमिनीवर पसरायचा थांबला. तेलकंपन्यांनी कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत आलं आणि गवत मेलं. १९३२ पासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. आईल द झां शार्ल या बेटावरच्या आदिवासींना सरकारी निधीतून गाव हलवावं लागलं. उपाय माहीत आहे: बांधाला दार ठेवून गाळ बाहेर सोडायचा. १९४१ मध्ये मॉर्गन सिटीला पुरापासून वाचवायला खणलेल्या वॅक्स लेक कालव्याच्या तोंडाशी कुणीही न ठरवता नवा त्रिभुज प्रदेश तयार झाला आणि तो अजून वाढतो आहे. त्याच तत्त्वावरचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा मिड-बाराटारिया प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला आणि जुलै २०२५ मध्ये राज्यानं तो खर्च आणि मासेमारीवरच्या परिणामांमुळे रद्द केला. कालव आणि कोळंबीवाल्यांची भीती खोटी नव्हती. गोडं पाणी आलं की त्यांची शेती जाते. पण त्यांना पूर्ण भरपाई देऊन प्रकल्प पुढे न्यायला हवा होता. जमीन गेल्यावर ती कालवंही तिथे राहणार नाहीत.