शेजारच्या गॅरेजमधलं शिसं

"तू नाही आत यायचंस!" शेजारच्या आजोबांनी नातीला गॅरेजच्या दारातूनच परत पाठवलं. मला मात्र गॉगल देऊन आत घेतलं.

इथे पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या, बंदुकीने हरणं मारायचा वेगळा हंगाम असतो. आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची ही थोरली बहीण. तिच्या गोळ्या आजोबा घरीच ओततात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ते त्याहून बरंच तापवतात. मेणाचा तुकडा टाकून मळी काढायची, पळीने साच्यात ओतायचं, साचा उघडला की चकचकीत गोळी. पहिल्या काही सुरकुतलेल्या निघाल्या; साचा अजून थंड होता म्हणे. सगळ्या परत भांड्यात. जवळ पाण्याचा थेंबही नको, नाहीतर वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं.

काम संपल्यावर आजोबांनी कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट बदलला आणि मगच नातीला उचललं. "मुलांच्या पोटात शिसं जाता कामा नये," म्हणाले.

आणि निघताना फ्रीजरमधून हरणाच्या मांसाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. नेहमीच देतात.

तेव्हापासून डोक्यात तेच: या मांसात गोळीचं शिसं असेल का? रायफलच्या वेगवान गोळीइतकी ही गोळी फुटत नाही, हे खरं. तरी २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले होते. कॅलिफोर्नियाने तर २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच केलं.

इतक्या मायेने दिलेल्या पाकिटाबद्दल हे कसं विचारायचं? तुम्ही विचारलं असतं?